शंभरात एक्क्याण्णव

रंगाऱ्यांच्या गल्लीत, छत्र्यांच्या बंद पडलेल्या दुकानासमोर सकाळपासून रीघ लागली होती. साथ सुरू झाल्यापासून गल्लीत एवढी माणसं एकत्र दिसली नव्हती. कुणाच्या नाकावर फडकं, कुणाच्या हनुवटीवर, आणि कुणाचं तर खिशात घडी करून, मळू नये म्हणून.

दुकानात एक खुर्ची होती. खुर्चीसमोर मेज, मेजावर कोमट पाण्याचं काचेचं भांडं, भांड्याच्या तळाशी चमकणारे खडे, आणि मेजामागे फुंकर महाराज. निलगिरीच्या तेलाचा वास इतका दाट होता की दारात पाऊल टाकताच डोळ्यांत पाणी यावं. ते पाणी भक्तीचं आहे, असं महाराज सांगत आणि लोक मान डोलावत.

"घाबरू नका. रक्त म्हणजे काय?" महाराज गर्दीला विचारत. उत्तराची वाट पाहण्याची त्यांना सवय नव्हती. "रक्त म्हणजे अब्जावधी कणांची सेना. ही साथ काय करते? सेनेला झोपवते. मग प्राणवायू उचलणार कोण? डॉक्टर म्हणतात, नळी लावा. अहो, सेना झोपलीय आणि तुम्ही दाणागोटा पाठवताय. आधी जागं करा. माझी विद्या प्राचीन आहे, पण हे यंत्र अर्वाचीन आहे. डोळे मिटून मानू नका. आकडा बघा आणि मगच माना."

हे शेवटचं वाक्य त्यांचं हुकमी पान होतं. डोळे मिटून मानू नका म्हणणाऱ्या माणसासमोर डोळे मिटायला कुणाची ना असते?

मग बोटाला चिमट्यासारखं यंत्र लागे. आकडा येई, चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी, असा. गर्दी हळहळे. महाराज ते बोट भांड्यात बुडवत, खड्यांवर घोळवत, कापसाने पुसत, डोळे मिटून त्यावर लांब फुंकर मारत. आणि पुन्हा यंत्र लावलं की आकडा चढलेला असे. दर वेळी. शिवाय ते एक बोट स्वच्छ होऊन निघे. रंगाऱ्याच्या निळ्या पंजात एकच उजळ बोट. "विष उतरलं," महाराज म्हणत. गल्लीत लोक ते बोट वर करून हिंडत. चहाचा कप धरतानाही ते बाहेर काढून धरत.

साथ श्वासातून पसरते म्हणून सगळं शहर नाकाला फडकं बांधून बसलं होतं, आणि हा गृहस्थ माणसागणिक फुंकर वाटत होता. पण एवढा विचार करायला गर्दीला फुरसत नव्हती. आकडा चढत होता ना!

त्या दिवशी खुर्चीत मोठे रंगारी बसले होते, आणि मागे भिंतीला टेकून त्यांची मुलगी उभी होती. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. गल्ली तिला मास्तरीण म्हणे. वडिलांना ताप येऊन गेल्याचं धाकट्या काकूने फोनवर सांगितलं म्हणून ती त्यांना दवाखान्यात न्यायला आली होती, आणि वडील तिला इथे सापडले होते.

"बाबा, हे काय?" तिने विचारलं होतं.

"भामट्याला पकडायला आलोय," ते कानाशी कुजबुजले होते. "तू बघ गंमत."

मोठे रंगारी म्हणजे बाजारातला पोहोचलेला माणूस. कापडाचा गठ्ठा न सोडता वरून हात फिरवून ते आत भेसळ आहे की नाही सांगत. व्यापारी त्यांच्यासमोर बोलताना शब्द तोलून बोलत. "मला फसवायचं तर आधी मला विचारून या," हे त्यांचं आवडतं वाक्य.

त्यांनी रीतसर झडती घेतली. यंत्र हातात घेऊन उलटंपालटं केलं, मागचं झाकण उघडून बॅटरी पाहिली. मेजाखाली वाकून बघितलं. मग दुकानाबाहेर उभ्या असलेल्या औषधवाल्याला हाक मारून त्याच्याकडचं नवंकोरं यंत्र खोक्यातून काढायला लावलं. दोन्ही यंत्रांनी एकच आकडा दाखवला. चौऱ्याऐंशी. मग भांडं, खडे, कापूस, फुंकर. दोन्ही यंत्रांनी पुन्हा एकच आकडा दाखवला. एक्क्याण्णव.

गर्दीने टाळ्या वाजवल्या. महाराजांनी हात जोडले. मोठे रंगारी मोठ्यांदा हसले.

"शंभरात एक्क्याण्णव," ते मुलीकडे वळून म्हणाले. "शाळेत उभ्या जन्मात कधी पडले नव्हते."

दुकानाबाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाबा, हा लबाड आहे."

"असेल. कसं केलं ते सांग."

"ते मला आत्ता सांगता येत नाही. त्या पाण्यात काहीतरी आहे."

"पाण्यात साबण आहे कसलातरी. बोट धुतो आणि विष उतरलं म्हणतो. मला काय ते कळत नाही? पण आकडा? बोट धुता येतं गं, आकडा कसा धुणार? यंत्र खरं आहे, मी बघितलंय."

"दवाखान्यात चला तरी."

"कशाला? मला धाप लागतेय का? तुझ्याशी वाद घालत चालतोय, चढ चढतोय. फक्त चहाला चव लागत नाही आणि वास म्हणून कसला येत नाही, तेवढंच. उद्या जाऊ. उद्या नक्की."

आणि खरंच, त्यांना धाप लागत नव्हती. घरी येऊन त्यांनी काकूच्या चहाला गरम पाणी म्हणून नावं ठेवली, भावाशी पत्त्यांचा डाव मांडला, पानं लपवली, पकडले गेले, आणि आपण पकडले गेलोच नाही असं तावातावाने सिद्ध केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांना न्यायला आली तेव्हा ते खुर्चीत बसलेले होते. हाक मारली तर ओ आली नाही.

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला पुढे सगळं समजावलं. बाई दमलेल्या होत्या, पण तिने विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी नीट उत्तरं दिली. हा विषाणू फुप्फुसात शिरतो. तिथे द्राक्षांच्या घडासारखे हवेचे बारीक फुगे असतात. त्यांच्या भिंतीतून प्राणवायू रक्तात जातो. हे फुगे सुजतात, त्यांत पाणी भरतं. रक्त नेहमीसारखं फुप्फुसात येतं, पण भरलेल्या फुग्यापाशी त्याला हवा भेटतच नाही. आलं तसं परत जातं.

"म्हणजे रक्त बिघडत नाही?" तिने विचारलं.

"रक्ताचा काय दोष? हमाल धक्क्यावर वेळेवर येतोय. जहाजच लागलेलं नाही तर तो काय उचलणार? रिकाम्या हाताने परत जातो."

ऐकता ऐकता तिच्या डोळ्यांसमोर घरचा निळीचा हौद आला. हौदातून कापड वर काढलं की ते निळं नसतंच. पिवळट हिरवं असतं. बाहेरची हवा लागते आणि बघता बघता कापड निळं होत जातं. लहानपणी तिला ती जादू वाटायची आणि वडील म्हणायचे, जादू नाही, हवा पितंय ते. तेच कापड पाण्याखाली दाबून ठेवलं तर हवा मिळत नाही, आणि ते पिवळंच राहतं. रक्ताचंही असंच. हवा भेटली की लालभडक, नाही भेटली की काळपट.

"पण त्यांना धाप लागत नव्हती. बोलत होते. हसत होते."

"तीच तर या आजाराची खोड आहे. आपल्याला धाप लागते ती बहुतेक वेळा प्राणवायू कमी झाला म्हणून नाही, तर आतला टाकाऊ वायू साठला म्हणून. तो वायू अशा फुप्फुसातूनही बराच काळ बाहेर पडत राहतो. म्हणून धोक्याची घंटा वाजतच नाही. माणूस पत्ते खेळत असतो आणि आत प्राणवायू उतरत असतो. घंटा वाजते तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून तर आम्ही घसा फोडून सांगतो की आकडा बघा. चौऱ्याण्णवच्या खाली आला की घरी थांबू नका."

एक्क्याण्णव. डॉक्टरीणबाईंचं हे बोलणं तिने घरी कुणाला सांगितलं नाही.

घरात मग जशी बोलणी होतात तशी झाली. काकू म्हणे, वेळ आली होती. काका म्हणत, साथच वाईट. शेजारी म्हणत, बोलता बोलता गेले, पुण्यवान माणूस. तीही विचारणाऱ्याला सांगे, साथीत गेले. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण घराच्या मधोमध एखादं जड कपाट ठेवावं आणि सगळ्यांनी त्याला वळसा घालून ये-जा करावी, तसं एक वाक्य त्या घरात उभं होतं. ते कुणी उच्चारत नव्हतं.

तिच्या डोक्यात मात्र वडिलांचा प्रश्न फिरत राहिला. आकडा कसा धुणार?

साथीमुळे कारागीर निम्मे झाले होते आणि दिलेल्या शब्दाचं कापड तर रंगवायचंच होतं. शाळा सुटली की ती काकांच्या मदतीला जाऊ लागली.

"डावा हात हौदात घालू नकोस," काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं. ती डावखुरी होती. "लिहायचा हात आहे तो. पोरं म्हणतील, बाई शाईच्या बाटलीत पडल्या."

म्हणून तिचा उजवा हात मनगटापर्यंत निळा झाला, नखांच्या कडांत तर रंग कायमचाच बसला, आणि डावा मात्र जसाच्या तसा राहिला.

एके दिवशी शाळेच्या फाटकावर तपासणी सुरू झाली. परिचारिका प्रत्येकाच्या बोटाला यंत्र लावत होती. मास्तरणीने उजवा हात पुढे केला. परिचारिकेच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अठ्ठ्याऐंशी. बाई, बसा. चक्कर येतेय का? छातीत भरून आल्यासारखं?"

"नाही. मला काही होत नाहीये."

म्हणता म्हणता तिला आठवलं की काही न होणं हीच तर या आजाराची खोड. तेवढ्यात परिचारिकेने तिचा पंजा उलटा करून पाहिला.

"हे काय लावलंय नखांना? नखाला रंग असला की आम्ही आधी पुसून यायला सांगतो. दुसरा हात द्या बरं."

डाव्या बोटाला यंत्र लागलं. अठ्ठ्याण्णव.

"जा वर्गात. आणि ते नख घासा." परिचारिकेने पुढच्याला हाक मारली.

मास्तरीण वर्गात गेली नाही. फाटकाजवळच्या बाकावर बसली आणि आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत राहिली. एकाच माणसाचे हात. एकच रक्त. दोन आकडे.

नंतर तिने वाचून काढलं, पण खरं म्हणजे बाकावरच तिला सगळं कळून चुकलं होतं. यंत्र रक्त काढून बघत नाही. ते बोटातून दोन उजेड पाडतं, एक तांबडा आणि एक डोळ्यांना न दिसणारा, आणि पलीकडे कुठला किती पोहोचला ते मोजतं. प्राणवायू भरलेलं रक्त तांबडा उजेड जाऊ देतं, रिकामं रक्त तो गिळतं. जेवढा तांबडा उजेड कमी पोहोचेल तेवढा आकडा खाली. पण निळा रंगही तांबडा उजेड गिळतो. आपला उजेड रक्ताने गिळला की नखावरच्या निळीने, हे बिचाऱ्या यंत्राला कसं कळावं? त्यात रंगाऱ्याचा हात दिवसभर गार पाण्यात. गार बोटात रक्ताची धडधड मंद, म्हणजे यंत्र आणखी गोंधळणार. आणि महाराजांचं पाणी कोमट होतं.

बोट धुतलं की आकडा धुतला जात होता. आणि धुतल्यानंतर जो उरत होता तो खरा आकडा. वडिलांचा खरा आकडा एक्क्याण्णव होता आणि त्याला गल्लीने टाळ्या वाजवल्या होत्या.

ती अजून बाकावरच होती तेव्हा काकूचा फोन आला. काकूचा आवाज उगाच सहज होता.

"ह्यांना ताप आहे गं दोन-चार दिवस. काही नाही, चांगले बोलतायत. तुला सांगू नको म्हणाले. आता फुंकर घ्यायला गेलेत."

"काकू, चहाला चव लागते का त्यांना?"

"नाही ना. मला म्हणतात, दादासारखं मलाही गरम पाणी पाजतेस."

मास्तरणीने दवाखान्यात फोन करून गाडी मागवली, जागा सांगितली, आणि ती गल्लीकडे निघाली.

छत्र्यांच्या दुकानात गर्दी आणखी वाढली होती. भिंतीवर एक नवा मोठा फोटो लागला होता. त्यात मोठे रंगारी हसत होते आणि त्यांचं एक बोट उजळ होऊन वर उभं होतं. खाली लिहिलं होतं, पारखून घेतलं, मगच मानलं. फोटोतल्या माणसाचं पुढे काय झालं ते गल्लीला ठाऊक होतं, पण त्यावर महाराजांकडे उत्तर तयार होतं. दुसऱ्या फुंकरीला ते आले नाहीत.

खुर्चीत काका बसले होते. बोट नुकतंच पुसून झालं होतं.

"किती होता?" महाराजांनी गर्दीला विचारलं.

"एक्क्याऐंशी," गर्दी म्हणाली.

"आणि आता?"

"एकोणनव्वद."

"ये, मास्तरीण," काका खुशीत म्हणाले. "थोडक्यात नव्वदी हुकली बघ. तुझ्या बापाने दोन जास्त मिळवले होते. तो कायम माझ्या पुढे."

ते नीट बोलत होते. हसत होते. तिने आवाज वर्गातला ठेवला.

"महाराज, माझंही बघता का?"

"बघू की. शिकलेल्यांनी तर आधी बघावं."

तिने उजवं बोट दिलं. अठ्ठ्याऐंशी. गर्दी चुकचुकली. महाराज बोट भांड्याकडे न्यायला लागले तसा तिने हात मागे घेतला.

"थांबा. यंत्र आता या हाताला लावा."

डाव्या बोटाला अठ्ठ्याण्णव.

दुकानात कुजबुज झाली. इस्त्रीवाला पुढे वाकून म्हणाला, "हे कसं काय? उजवीकडे आजारी आणि डावीकडे ठणठणीत?"

"अगदी बरोबर विचारलंत," महाराज गडबडले नाहीत. "डावी बाजू हृदयाची. तिथे प्राण आधी पोहोचतो. उजवीकडे जाईपर्यंत सेना थकते."

"म्हणजे मी डाव्या कुशीवर झोपले तर निम्मी बरी होईन?" मास्तरीण म्हणाली. मागून कुणीतरी फिसकन हसलं. "बरं, मग उजव्याच हाताचं बघू. फुंकर मात्र नको हं. तुमचा दम वाचवा."

तिने स्वतःच उजवं बोट भांड्यात बुडवलं, खड्यांवर घासलं, कापसाने पुसलं. कापूस निळा झाला. बोट उजळलं. तिने ते यंत्रात घातलं आणि यंत्र गर्दीकडे फिरवलं. सत्त्याण्णव.

"फुंकर कुठे गेली, महाराज?"

"माझ्या पाण्यातच माझी ऊर्जा…"

"तेच बघायचंय. पाण्यात काय आहे ते." तिने पिशवीतून चार बोटं रुंद निळ्या कापडाची चिंधी काढली. वाटेत काकांच्या हौदावरूनच उचललेली होती, गल्लीतल्या कुणीही डोळे झाकून ओळखली असती. तिने ती भांड्यात सोडली.

आधी काही झालं नाही. महाराज म्हणाले, कापडाला प्राण नसतो, त्यामुळे वेळ फुकट. मग चिंधीच्या कडा हिरवट व्हायला लागल्या. मग ती पिवळी पडली. मास्तरणीने ती चिमटीत धरून बाहेर काढली आणि उंच धरली. हवा लागली तशी चिंधी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हळूहळू पुन्हा निळी झाली.

दुकानभर रंगारी. तीन पिढ्या हेच करत आलेले. एक म्हातारा कारागीर कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे, हायड्रो आहे हा."

हायड्रो म्हणजे हौदात निळीचा रंग सोडवायला घालतात ती पावडर. गल्लीतल्या प्रत्येक घरात तिचा डबा होता. तिचा उग्र वास गल्लीच्या कपड्यांना, केसांना, उशांनाही होता. म्हणूनच तो इथे कुणाला वेगळा आला नाही. ज्यांना आला असता त्यांच्यासाठी निलगिरी होती, आणि आजाऱ्यांचा तर वासच गेलेला होता. दुसऱ्या कुठल्या गल्लीत महाराजांचा आकडा चढलाच नसता. धुवायला निळं बोट कुठून आणणार? ते पत्ता विचारून आले होते.

"आमचीच पावडर आम्हालाच?" कारागीर म्हणाला. "आणि वर रांगेत उभं केलं."

"काही समाजकंटक विज्ञानाचं नाव घेऊन…" महाराजांनी सुरुवात केली, पण इस्त्रीवाल्याने त्यांचाच हात धरून बोट यंत्रात घातलं. महाराजांनी आयुष्यात कापड रंगवलं नव्हतं, बोट गोरंपान होतं. अठ्ठ्याण्णव.

"सगळ्यांनी बघा," मास्तरीण म्हणाली. "निरोगी माणसाचा आकडा हा असा असतो. यांचा अठ्ठ्याण्णव, माझा अठ्ठ्याण्णव. काकांचं बोट धुतलेलं आहे, म्हणजे त्यांचा आकडाही खरा आहे. तो एकोणनव्वद आहे. हे वाढलेले मार्क नाहीत, काका. तुमच्या रक्तात प्राणवायू कमी आहे. धाप लागत नाही म्हणून तुम्हाला कळत नाही. गाडी बोलावलीय, चला."

गर्दी एव्हाना तिच्या बाजूची झाली होती. महाराज यंत्र खिशात घालायच्या बेतात होते आणि दोघांनी दार अडवलं होतं. पण काका खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

"बोटाचं तू म्हणतेस ते खरं असेल," ते म्हणाले. "पण दादा बसला होता या खुर्चीत. त्याने दोन-दोन यंत्रं तपासली. अख्ख्या बाजारात त्याला कधी कुणी टोपी घालू शकलं नाही. तो मानला म्हणून मी मानलं. तू आज म्हणतेस, हे सगळं साबणाचं पाणी. मग दादा काय मूर्ख होता? लोकांसमोर असं बोलणार आहेस तू? मला नाही ऐकायचं. मी घरी पडून राहीन दोन दिवस, होईन बरा."

भिंतीवर वडील हसत होते. रस्त्यावर दवाखान्याची गाडी येऊन थांबल्याचा आवाज आला.

मास्तरीण काकांच्या समोर, जमिनीवर उकिडवी बसली. त्यांचं ते उजळ बोट तिने आपल्या निळ्या हातात धरलं.

"काका, बाबा फसले."

ती हे पहिल्यांदाच बोलत होती. घरात नाही, शाळेत नाही, स्वतःशीही नाही. आवाज फारसा मोठा नव्हता, पण दारापर्यंत पोहोचला.

"बाबा हुशार होते आणि फसले. त्यांनी यंत्र तपासलं, मेज तपासलं, हा माणूस तपासला. स्वतःचं बोट तपासलं नाही, कारण जन्मभर ते निळंच होतं. त्यात मूर्खपणा नाही. पण फसले. एक्क्याण्णव ऐकून ते दवाखान्यात यायचं सोडून पत्ते खेळायला बसले. वेळ आली नव्हती, काका. वेळ अजून होती."

काकांनी भिंतीकडे बघितलं, मग तिच्याकडे. खुर्चीच्या हातांवरची त्यांची पकड सुटली आणि ते उठले. इस्त्रीवाल्याने त्यांना एका बाजूने धरलं. ती दुसऱ्या बाजूला गेली, आणि दारात वळून गर्दीला म्हणाली:

"ज्यांची बोटं यांनी धुतलीत, त्यांनी आत्ताच त्या धुतलेल्या बोटाला यंत्र लावा. चौऱ्याण्णवच्या खाली असेल तर बरं वाटतंय म्हणून घरी थांबू नका. आकडा चढला की लगेच टाळ्या वाजवू नका. आधी विचारा, काय बदललं? रक्त बदललं, की बोट बदललं? आणि इथे येऊन गेलो हे सांगायची लाज वाटत असेल, तर लपवू नका. आपण लाजून गप्प बसतो तेवढ्यावर असल्यांचं दुकान चालतं. कुणी विचारलं, तुमच्यासारखा शहाणा माणूस कसा फसला, तर माझ्या बाबांचं नाव सांगा. म्हणा, मोठे रंगारीसुद्धा फसले होते. मी त्यांची मुलगी आहे. मीच सांगतेय."